विंडोज दहा, अकरा आणि बियाण्याचा टॅग

आमच्या बुलढाण्याकडचा शेतकरी कृषी केंद्रात सोयाबीन घेताना आधी वाण विचारतो, "जेएस ३३५ आहे का?" आणि मग पिशवीचा टॅग वाचतो. उगवण किती टक्के, तपासणी कधीची, वैधता कुठवर. हे वाण १९९४ सालचं. ३३५ या आकड्यात ते साल कुठंच नाही, पण कुणाचं अडत नाही. तारीख टॅगवर असते ना!

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला असा टॅग नसतो, नुसता आकडा असतो. आणि तो ठरतो कसा, हे बघितलं की हसू येतं. २०११ मध्ये लिनक्सच्या २.६.३९ नंतर एकदम ३.० आली. आत काही क्रांती झाली होती? छे! आकडे फार लांबले होते आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती, एवढंच. २०१५ मध्ये ३.१९ नंतर ४.० आली, तेव्हाचं लायनस टॉरवाल्ड्सचं कारण तर त्याहून भारी: मोजायला हातापायांची बोटं संपली! मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

मायक्रोसॉफ्टचा कारभार निराळा. आधी ९५, ९८, २००० अशी सालं, मग एक्सपी, व्हिस्टा अशी नावं, मग ७ (आतून मात्र ६.१, पहिला आकडा बदलला की काही जुने प्रोग्राम अडून बसतात), आणि ८.१ नंतर ९ गाळून थेट १०. विंडोज ११ तर आतून अजून स्वतःला १०.० च म्हणवते. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयओएस १८ वरून २६ वर उडी मारली. निदान त्यात साल तरी आहे, जरी पुढच्या वर्षाचं असलं तरी.

गंमत इथवर ठीक. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते म्हणाले, "अरे, दहा चालू आहे ना, मग बिघडलं काय?" त्यांचं काय चुकलं? "दहा" वरून मुदत कळणार कशी? लोकांचे आधार, सातबारा त्याच मशीनवर उघडतात, आणि ते जुनं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही.

माझ्या मते उबंटूची पद्धत सर्वात सरळ. २२.०४ म्हणजे एप्रिल २०२२. दर दोन वर्षांनी येणाऱ्या अशा दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत पाच वर्षं मिळवायची, झाला हिशोब. बाकीच्यांनी आकडा हवा तो ठेवावा, पण संगणक सुरू होताना मुदतीची तारीख ठळक दाखवावी. बियाण्याच्या पिशवीला जमतं, तर यांना काय अवघड आहे?

तोवर काकांच्या मॉनिटरवर मी तारखेची चिठ्ठी चिकटवून आलोय.