चिप्स सारख्या, खिसे वेगळे

नव्या वर्षात लास वेगासला ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ पुन्हा भरेल. समर्थक म्हणतात, या टेबलावर सारे समान. प्रत्येकाला सारख्याच चिप्स. ही समानता आम्ही तपासून घेऊ इच्छितो.

२०२३ च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ खेळाडू उतरले. प्रवेश फी १०,००० डॉलर. त्यातले ९,३०० बक्षिसांत गेले, ७०० आधीच बाजूला निघाले. विजेत्याने १ कोटी २१ लाख डॉलर नेले. ८,५३६ जण रिकाम्या हाताने परतले. म्हणजे बक्षीस कुणा दात्याचे नव्हे, हरणाऱ्यांच्याच खिशातले.

तरी मुख्य स्पर्धेत एक न्याय आहे. बाद झालेला पुन्हा पैसे भरून बसू शकत नाही. इतर अनेक स्पर्धांत ती मुभा असते. पैसेवाल्याला दुसरी संधी, उसनवारीवर आलेल्याला घरचा रस्ता! ही कसली समानता? नव्या वर्षात ही मुभा बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००३ साली स्वस्त ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर २५ लाख डॉलर जिंकला. ही कथा ऐकून गोव्याच्या कॅसिनोकडे निघालेल्या आपल्या तरुणांनी त्या स्पर्धेतल्या उरलेल्या ८३८ जणांचीही चौकशी करावी.