वणी परिसरातील भूमिगत कोळसाखाणी आणि संवेदकाधारित स्वयंचलन

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रात मोडतो. येथील सार्वजनिक क्षेत्रातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (स्थापना १९७५, मुख्यालय नागपूर) या कंपनीच्या आहेत. थर जाड व तुलनेने उथळ असल्यामुळे उकणी, निलजई, घोन्सा अशा खुल्या खाणींचा वरचष्मा आहे. राजूर, कुंभारखणी आणि भांदेवाडा ही नावे भूमिगत खाणकामाशी निगडित आहेत.

भूमिगत यंत्राला स्वतः चालायचे तर आधी आपण कोठे आहोत हे कळले पाहिजे. जमिनीखाली उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने लाँगवॉल पद्धतीतील कापणीयंत्रावर गायरोस्कोपयुक्त जडत्वीय मार्गदर्शन प्रणाली बसवून ही अडचण दूर केली. यंत्राने आक्रमिलेला मार्ग मोजून कोळशाची भिंत सरळ रेषेत ठेवली जाते. कोळसा कोठे संपतो व खडक कोठे सुरू होतो, हे ओळखण्यासाठी गॅमा किरणांचा उपयोग होतो. शेल खडकातून ते कोळशापेक्षा अधिक बाहेर पडतात.

हे तंत्र वणीत जसेच्या तसे आणता येईल, असे मानणे घाईचे ठरेल. छताशी राखलेला कोळसा साधारण अर्ध्या मीटरहून जाड असल्यास खडकातील गॅमा किरण संवेदकापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. जाड थरात तर छताशी याहून बराच कोळसा शिल्लक राहू शकतो. शिवाय भारतात खांब राखून गल्ल्या खोदण्याची बोर्ड-पिलर पद्धतच रूढ आहे. तीत एका लांब भिंतीऐवजी अनेक वळणे व चौक असतात. लाँगवॉलसाठी लागणारा भांडवली खर्चही मोठा असतो. तेलंगणात सिंगरेनी कंपनीच्या अड्रियाला खाणीत ती पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली.

संवेदकांचा अधिक निकडीचा उपयोग सुरक्षेसाठी आहे. भारतातील भूमिगत कोळसाखाणींत छत व बाजू कोसळणे हे प्राणघातक अपघातांचे प्रमुख कारण राहिले आहे. खांब काढताना छत किती खाली आले याची सतत नोंद मिळाली, तर कामगारांना वेळीच मागे घेता येते. मीथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोटक ठरतो, नियमानुसार १.२५ टक्क्यांवरच वीज तोडावी लागते. कार्बन मोनॉक्साइडची वाढ कोळसा आपोआप तापू लागल्याची सूचना देते. ही मोजमापे करण्यासाठी कापणीयंत्र स्वयंचलित असण्याची गरज नाही.

रोजगाराचा प्रश्न यापासून वेगळा करता येत नाही. दूरनियंत्रणामुळे कोळशाच्या तोंडाशी लागणारी माणसे कमी होतात, आणि धोका पत्करणारे तेच मनुष्यबळ असते. दुसरीकडे, भूमिगत खाण परवडेनाशी झाली की कल खुल्या खाणीकडे झुकतो, आणि मग शेतजमीन व गावठाण संपादनाखाली येते.