हजेरी बंद करणाऱ्या कोल्हापुरातून

मा. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर जिल्हा यांस,


1918 साली कोल्हापूर संस्थानात आदेश निघाला आणि महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद झाली. हजेरी म्हणजे गुन्हा केलेला असो वा नसो, चावडीवर जाऊन ‘मी गावातच आहे’ हे दाखवायचे. राजर्षी शाहू महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. चोरीचा शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवले आणि पहाऱ्याची कामे त्यांच्याच हाती दिली. तेव्हा शेजारच्या ब्रिटिश मुलुखात गुन्हेगार जमाती कायदा जोरात होता. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे हजेरी देत होती. 1871 पासून चालत आलेला तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्याच्या यादीतल्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या.

घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पालांकडे वळते, ही तक्रार मात्र महाराष्ट्रातल्या विमुक्तांच्या वस्त्यांतून आजही ऐकू येते.

तिचे टोक कुठवर जाते ते नाशिकच्या खटल्यात दिसले. 2003 साली एका कुटुंबावर दरोडा पडला, माणसे मारली गेली, अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा माग काढलाच गेला नाही. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. मधली सोळा वर्षे कोणत्या रकमेत मोजायची? आणि ज्या कुटुंबावर तो घाला पडला, त्याला तरी न्याय कुठे मिळाला?

असा संशय फक्त आपल्याकडेच नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवत आणि अनेकदा झडतीही घेत. 2004 ते 2012 या काळात सुमारे 44 लाख वेळा असे थांबवले गेले आणि थांबवलेल्यांत ऐंशी टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. 2013 साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यांच्यासमोर हे आकडे आले कुठून? पोलिसांनीच प्रत्येक वेळी भरलेल्या फॉर्ममधून. आपल्याकडे अडते ते नेमके इथेच. ‘जरा ठाण्यावर ये’ असे तोंडी बोलावणे कोणत्या वहीत चढते? माणूस संध्याकाळी सुटला, रोजगार बुडाला आणि कागदावर काहीच उरले नाही, तर दाद मागायची कशाच्या आधारे?

न्यायालयांनी सांगण्यात कसर ठेवलेली नाही. मे 2024 मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात, केवळ मागास समाजातला म्हणून निरपराध माणसाचे नाव हिस्ट्रीशीटवर, म्हणजे सराईत गुन्हेगारांच्या पोलीस नोंदीत, चढवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगातली जातीनुसार कामवाटणी रद्द केली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना सांगितले.

म्हणून या पत्रात मागणे आहे ते वहीचे. चौकशीला बोलावलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी: कधी बोलावले, कोणत्या कारणाने, केव्हा सोडले. तिची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. नोंदीत जात नको. वस्तीचे नाव पुरे, मोजदाद त्यावरूनही होते. हिस्ट्रीशीटवरची नावे दरवर्षी तपासावीत आणि त्या तपासणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बसवावा. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पण तिथवर जायलाही माणसाच्या हातात कागद लागतो.

येत्या 31 ऑगस्टला, विमुक्त दिनी, जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात ही वही उघडावी, ही विनंती.

कळावे,
एक कोल्हापूरकर