पहिल्या महिन्यातील फवारणीचा हिशेब

गोव्याच्या खाचरांत रुळलेले ‘जया’ हे भाताचे वाण मूळचे सिकंदराबाद-हैदराबाद या जुळ्या शहरांलगतच्या राजेंद्रनगरचे. तेथे 1965 मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाने ते 1968 मध्ये दिले. त्याच राजेंद्रनगरात राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. शत्रुकीटक आणि मित्रकीटक दोन्ही मोजून मगच फवारणी ठरवावी, हा तिचा धडा. बियाणे आपल्या बांधावर पोहोचले. धड्याचे तसे झालेले दिसत नाही.

रोप हलवले की दोन प्रकारचे बारीक जीव उडतात. तपकिरी तुडतुडा बुंध्याशी बसून रस शोषतो, शेत जागोजागी करपवतो. दुसरा स्प्रिंगटेल, पोटाखाली दुमडलेला काटा झटक्यात सोडून तो उसळी घेतो. त्याची ‘ल्युसर्न फ्ली’ ही हिरवट जात ऑस्ट्रेलियात लसूणघास आणि कुरणे कुरतडते, हे खरे. परंतु भातखाचरातील त्याचे भाऊबंद मुख्यत्वे कुजका पाला आणि बुरशी यांवर जगतात. पंपाला हा भेद कळत नाही.

मेख येथेच आहे. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत कीड तुरळक असते, तरी कोळी शेतात हजर असतात. ते खातात काय? जावा बेटावरील 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर असे, की कुजके खाणारे हे क्षुद्र जीवच त्यांचे आरंभीचे अन्न. घाईच्या फवारणीने कोळी मरतात, त्यांची शिदोरीही संपते. मागाहून येणाऱ्या तुडतुड्यांना रान मोकळे. तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशके बंद केली.

आपल्याकडे मे 2020 मध्ये केंद्राने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही भातावर सर्रास पडणारी नावे त्यात होती. 2023 च्या आदेशात मात्र पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. डोंगर पोखरून उंदीर, दुसरे काय!

दिल्लीची वाट न पाहताही गोव्याला पुष्कळ करता येईल. पेरणीनंतर पहिले 40 दिवस फवारू नका, हा संदेश व्हिएतनामने 1994 पासून मेकाँगच्या खोऱ्यात रेडिओवरून घरोघर पोहोचवला. कृषी संचालनालयाला पणजी आकाशवाणीवरून हेच येत्या लावणीआधी सांगता येईल, आणि वायंगणी भातापूर्वी पुन्हा एकदा.