गेम मास्टरला फासे बदलायचा अधिकार दिला कुणी?

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांचा वाद रंगला की कुणीतरी ब्रह्मवाक्य फेकतंच: "गेम मास्टर म्हणेल ते फायनल." माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने भल्याभल्या गेमची माती केलीये.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एक पात्र. बाकीचं जग (राक्षस, पाऊस, खानावळीचा मालक) गेम मास्टर चालवतो. काय करायचं ते खेळाडू सांगतो, जमलं का ते बऱ्याचदा फासे सांगतात.

एवढी सत्ता एका माणसाकडे आली कुठून? थेट प्रशियाच्या लष्करातून! १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने क्रीगस्पील या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला द्यायच्या आणि शत्रूचं जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढंच पंच दाखवायचा. पुढे कोष्टकांच्या ओझ्याने खेळ रखडायला लागला, तेव्हा १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी म्हणाले, कोष्टकं ठेवा बाजूला, अनुभवी पंचाला ठरवू द्या. म्हणजे पूर्ण सत्ता. पण कोण जिंकतंय याच्याशी त्या पंचाला काही देणंघेणं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

१९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने ब्राऊनस्टाइन नावाचा खेळ मांडला. खेळाडूंना एका गावातली एकेक माणसं वाटून दिली. ते नियमात नसलेले उद्योग करायला लागले आणि वेस्ली जागच्या जागी निकाल देत सुटला. त्याला वाटलं, गेम फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा घे! त्याच ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला.

ही जागच्या जागी निकाल द्यायची सत्ता मला शंभर टक्के मान्य आहे. "मी झुंबराला लटकून पलीकडे जातो" याचा नियम कुठल्याच पुस्तकात नसतो. कॉम्प्युटर गेममध्ये प्रोग्रॅमरने झुंबर लटकण्याजोगं केलं नसेल तर विषय संपला. इथे माणूस आहे म्हणून तर मजा आहे. पान उघडून वीस मिनिटं भांडणाऱ्या नियमपंडितांचा मला मनापासून कंटाळा येतो.

गडबड होते ती मास्टरने घरून गोष्ट लिहून आणली की. खलनायक दुसऱ्याच फेरीत मरायला लागतो आणि पडद्यामागे आकडा बदलतो. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तर पडद्याआड फासे टाकण्याचा हा फायदा म्हणून सांगितलाय! आमच्या एका मास्टरला पकडलं तेव्हा म्हणे, "अरे, गोष्ट वाचवायची होती ना!" कुणाची गोष्ट? त्या दिवसापासून आम्ही सहा महिन्यांत जिंकलेली एकेक लढाई संशयास्पद झाली. सर्व्हरचा लॉग कुणीतरी हाताने बदलतंय हे एकदा कळलं की मग कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा?

यावर नेहमीचा मुद्दा: नवा खेळाडू पहिल्याच तासात मेला तर? बरोबर आहे, वाईट वाटतं. मग फासे टाकायच्या आधी सांगा ना, "चुकलास तर मरणार नाहीस, पकडला जाशील." ही पण सत्ताच आहे, फक्त सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरलेली. आणि एखादा निकाल चालणारच नसेल तर फासे हातात घ्यायचेच कशाला?

यात अशक्य काही नाही. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये (२०१०) मास्टर फासे टाकतच नाही, खेळाडू टाकतात. आधी ठरवून ठेवलंय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, असं नियमच त्याला बजावतात. तरी जग त्याच्याच हातात असतं. जेसन मॉर्निंगस्टारच्या फियास्कोत (२००९) तर मास्टरच नाही, आणि एका संध्याकाळीत झकास विचका होतो.

मास्टरच नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. खुनाचा तपास खेळायचा तर खुनी कोण हे एकाला तरी आधीपासून ठाऊक हवं, नाहीतर शोधायचं काय? आमच्याकडे हल्ली ते नाव पाकिटात बंद करून टेबलाच्या मधोमध ठेवतात. पडदा आहे अजून, पण त्याच्यामागे फक्त नकाशे.