सोडून दिलेले प्रश्न

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा पास फक्त लशीचे दोन्ही डोस झालेल्यांना मिळू लागला. विक्रोळीला फास्ट गाडी थांबत नाही, पण स्लो गाडीवाचून इथल्या निम्म्या घरांचं चालत नाही. टागोर नगर, कन्नमवार नगर, पार्कसाइटमधल्या नोकरदार बाईपुढे लस घ्यायची की नाही हा प्रश्न उरलाच नव्हता. गर्भवतींना लस घ्यायला केंद्राने परवानगी दिली होती ती जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी पोटुशा बाईला जी लस द्यायची नाही असं केंद्रावर सांगत होते, तिच्यावाचून आता तिला गाडीत चढता येत नव्हतं. तिने शंका विचारली, तर सुशिक्षित, पुरोगामी वर्तुळातून तिला ‘व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी’ हा शिक्का मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या सरकारी आदेशांवर ताशेरे ओढले आणि २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. त्याच निकालात सरकारचं लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही, असंही म्हटलं होतं. पहिलं वाक्य लसविरोधकांनी उचललं, दुसरं पुरोगाम्यांनी. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला कुणी बसलं नाही.

पण बाई आणि पुरोगामी यांच्यातल्या या दुराव्याची सुरुवात लशीपासून झालेली नाही. ती बाळंतपणाच्या टेबलावर होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आहे, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जवळपास दर दुसरी बाई. अडलेली बाळंतीण सरकारीत पाठवली जाते हे लक्षात घेतलं, तर हा फरक बायकांच्या शरीरात शोधून सापडणार नाही. कन्नमवार नगरातल्या महापालिकेच्या महात्मा जोतिबा फुले रुग्णालयाची इमारत धोकादायक ठरल्यावर इथल्या बाईला बहुतेकदा दोन वाटा उरल्या: घाटकोपरचं राजावाडी, नाहीतर जवळचं नर्सिंग होम. तिथे ऐन वेणांमध्ये कागद पुढे येतो, सही होते. काय झालं आणि का, हे नंतरही कुणी सांगत नाही. घरी आल्यावर ‘दूध पुरत नाही, डबा सुरू करा’. बाईने सहा महिन्यांनी विचारावं, की हे सगळं गरजेचं होतं का, आणि उत्तर यावं, ‘बाळ सुखरूप आहे ना?’ या उत्तरातला अपमान पुरुषांना कळत नाही, आणि खेद असा की आता आमच्या पुरोगामी स्त्री-चळवळीलाही कळेनासा झाला आहे.

एके काळी कळत होता. १९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बायकांना धड माहिती न देताच इंजेक्शन टोचलं जातंय ही त्यांची तक्रार होती. गर्भलिंगचाचणीविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या पुरोगामी बायकाच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न गाजला, तोही याच माळेतला. यांतलं कुणीही विज्ञानविरोधी नव्हतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या. हा वारसा सांगणारी माणसं ती. औषध हवं, पण औषध देणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्कही हवा, हे त्यांना एकाच दमात म्हणता येत होतं.

ते आता म्हणता येईनासं का झालं? माझ्या मते भीतीपोटी. गोमूत्र आणि पुष्पक विमानं सरकारी व्यासपीठावर आल्यापासून विज्ञानाची बाजू घेणं म्हणजे डॉक्टरची, कंपनीची, दवाखान्याच्या बिलाची बाजू घेणं, असं नकळत होऊन बसलं. बाळघुटी, शेक-शेगडी, हळिवाचे लाडू, मालिश करणाऱ्या मावशी यांत काय घातक आणि काय निव्वळ सुखाचं, हे निवडून सांगायलाही कुणी उरलं नाही. (घुटी अर्भकाला देऊ नये हे खरं, पण बाळंतिणीला चाळीस दिवस कुणीतरी हातावर झेलावं, यात प्रतिगामी ते काय?)

रिकामी जागा रिकामी राहत नाही. बालाजी तांब्यांचं गर्भसंस्काराचं पुस्तक डोहाळजेवणाला भेट दिलं जातं, आणि ते उघडणारी बाई बहुधा संघाची नसते. तिला फक्त कुणीतरी तिच्याशी नऊ महिने बोलायला हवं असतं. मार्च २०२३ मध्ये राष्ट्र सेविका समितीशी संलग्न संवर्धिनी न्यासाने दिल्लीत जेएनयूमध्ये गर्भसंस्काराची कार्यशाळा घेतली. तिथे आईचा सन्मान भरपूर होतो. आणि पोटातलं मूल कसं निपजेल याचा सगळा भार तिच्या आहारावर, विचारांवर, श्लोकांवर टाकला जातो. मूल आजारी निघालं तर दोष कुणाचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. ऐकून घेणारा माणूस आपल्या बाजूचा असतोच असं नाही, हे त्या बाईला सांगायचा अधिकार मात्र ज्यांनी तिचं ऐकलंच नाही त्यांना उरत नाही.

आणि लसविरोधक व पुरोगामी यांच्या या भांडणाची किंमत भांडणारे मोजत नाहीत. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली. तिथे निसर्गोपचाराची हौस नव्हती. कोविडकाळात चुकलेले डोस होते, कुपोषण होतं, दाटीवाटी होती. गोवंडी विक्रोळीपासून काही किलोमीटरवर आहे. टॉवरमधल्या आईने विचारपूर्वक टाळलेला गोवराचा डोस आणि झोपडीतल्या आईचा राहून गेलेला डोस, विषाणूला सारखेच.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस आता पुण्यातच बनते, आणि मुलींच्या आयांना तिच्याबद्दल सांगावं लागणार आहे. तेव्हा कुणीतरी खम्मम आणि वडोदऱ्याचं काढणारच: २००९-१० मधला, मुलींना या कर्करोगावरची लस टोचण्याचा तो प्रकल्प, सात मुलींचे मृत्यू. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. टागोर नगरातल्या आईला यातलं अर्धंच सांगितलं, तर उरलेलं अर्धं तिला दुसरं कुणीतरी सांगेल, आणि तिच्या मुलीने लस घ्यायची की नाही हेही तोच ठरवेल.