जमिनीवरचा वाटाड्या जपा

सोलापूरला समुद्र नाही, पण आता आभाळाशी नातं जुळलं आहे. ९ जून २०२५ला होटगी रस्त्यावरून गोव्याचं विमान उडालं. सोलापूरकर हो, विमानसेवा वाढवण्यासाठी आपण जितक्या नेटानं भांडतो, तितक्याच नेटानं आणखी एक मागणी लावून धरू या: विमानांना आणि जहाजांना जमिनीवरून वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा मोडीत काढू नका!

कारण उपग्रहांवरच्या जीपीएसचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. जवळून कुणी त्याच लहरींवर गोंगाट केला की तो बुडतो. बनावट संदेश तर त्याहून घातक. दिल्ली विमानतळाजवळ २०२५मध्ये असे बनावट संदेश आले. जिथे जमिनीवरची जुनी यंत्रणा चालू होती, त्या धावपट्ट्यांवरच्या उड्डाणांना बाधा आली नाही, असं सरकारनंच संसदेत सांगितलं.

जहाजांसाठी लोरान नावाची जमिनीवरची रेडिओ यंत्रणा होती. १०० किलोहर्ट्झची, तीन किलोमीटर लांबीची तिची लहर जमीन-पाण्याला धरून शेकडो मैल जाते आणि तिचा आवाज दडपणं फार अवघड असतं. दोन केंद्रांचे ठोके किती अंतरानं कानी आले, एवढंच मोजायचं. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. तिसऱ्या केंद्राचा ठोका मिळाला की जागा पक्की. आपल्याकडे ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा मिळून मुंबई साखळी होती, पूर्वेला कलकत्त्याची. अमेरिकेनं २०१०मध्ये आपली लोरान बंद केली. दक्षिण कोरियानं मात्र उत्तरेकडून जीपीएसवर होणारे हल्ले सोसल्यावर ती नव्या रूपात जवळ केली. शहाणपण कुणाचं, हे मला विचाराल तर कोरियाचं.

उपग्रहांवर चालणारं आपलं स्वतःचं नाविक आहे ना, असं कुणी म्हणेल. नाविकचा मलाही अभिमान आहे. पण तेही आकाशातूनच बोलतं, आणि त्याच्या पहिल्या उपग्रहातली अणुघड्याळं २०१६मध्ये बंद पडली होती. एकाच दोरीला देशाची सगळी वाहतूक टांगणं मला मान्य नाही.

म्हणून खासदारांना पत्र लिहा. सोलापूरच्या विमानतळावर उपग्रहाच्या जोडीला जमिनीवरची साधनं कोणती असतील, हे लेखी विचारा. लोरानच्या जागा आणि मनोरे विकण्याआधी नव्या पिढीच्या लोरानचा विचार व्हावा, अशी मागणी करा. नौदल, हवाई दल, दीपस्तंभ खात्यातून निवृत्त झालेल्यांनी आपलं ज्ञान लिहून काढावं. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी त्यांना वर्गात बोलवावं. पत्रं मात्र संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी दिल्लीत पोचली पाहिजेत.